जिप्सी उचलली, पण बोल्ट कसा आवळला?

१ ऑक्टोबरला ताडोबाचा कोअर उघडेल. तीन महिने उभ्या असलेल्या जिप्स्या सध्या गॅरेजांत लागल्या आहेत. रंग होतोय, सीटचे कव्हर बदलतायत. मला बोलायचंय ते खालच्या बोल्टांबद्दल. पर्यटकाच्या फोटोत ते कधी येत नाहीत, म्हणून त्यांची चर्चाही होत नाही.

मागच्या आठवड्यात एका गॅरेजात उभा होतो. बफरमधल्या गावचा पोरगा, कर्जावर घेतलेली जुनी जिप्सी. गाडी उंच दिसावी म्हणून मागे नवे पाटे आणि ॲडजस्टेबल शॅकल टाकत होता. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळलेली, आणि मिस्त्री पान्याला पाईप लावून शॅकलचा बोल्ट पूर्ण ताकदीनं आवळत होता. मी म्हटलं, "भाऊ, गाडी चाकावर उतरवून आवळा ना." तो हसला. "उतरवल्यावर मी खाली घुसू कसा जी?"

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. त्याच्याकडे ना खड्डा होता ना रॅम्प.

पण चूक ती चूकच. पाट्याच्या आणि शॅकलच्या डोळ्यात रबरी बुश असतो. बोल्ट आवळला की रबर त्या जागी पकडलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबराची 'आरामाची जागा' ती लोंबकळलेली ठरते. मग गाडी जमिनीवर उतरली की रबराला कायमचा पीळ. वर सहा पर्यटक, गाईड, ड्रायव्हर आणि खाली जंगलातला रस्ता. बुश लवकर फाटतो, गाडी कडक चालते, आवाज यायला लागतो. मग म्हणायचं, पार्टच डुप्लिकेट निघाला!

योग्य पद्धत अवघड नाही. जॅकवर असताना बोल्ट फक्त हातानं बसेल इतका लावायचा. मग गाडी सपाट जागी चाकांवर उतरवायची, बंपर धरून चार-पाच वेळा दाबून हलवायची, आणि तेव्हाच फायनल आवळायचं. शॅकलला दोन-तीन भोकं असली तर डावीकडे-उजवीकडे एकाच नंबरच्या भोकात बोल्ट हवा. नाहीतर गाडी एका अंगाला झुकलेली. किती आवळायचं याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. पाईप लावून जास्त आवळलेला बोल्ट ताणला जातो, तो ढिल्या बोल्टइतकाच धोक्याचा.

यू-बोल्ट तर जास्तच महत्त्वाचे. पाटा आणि ॲक्सल यांना तेच धरून ठेवतात. चारही नट थोडे थोडे, आडवे-तिरपे आवळायचे. नवे पाटे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात, म्हणून पुन्हा एकदा आवळणं भागच आहे. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा भार एकट्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल सरकतो आणि स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी तिरकी जाते.

हे फक्त सफारीचं नाही. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर चालणाऱ्यांना विचारा. सुरजागडच्या ट्रकांनी एटापल्लीकडच्या रस्त्यांचे जे हाल झाले, त्यावरून दवाखान्यात पेशंट नेणाऱ्या बोलेरोलाही मागे पाटेच आहेत, तेच यू-बोल्ट आहेत.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदलाला परवानगी देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही. फोटोसाठी जिप्सी उचलू नका हे माझं स्पष्ट मत. उंच गाडीतून वाघ जास्त दिसत नाही, वळणावर तोल मात्र जातो. पण नुसता दंड लावून काय होणार? मूळ उंचीच्या गाडीचे पाटेही याच गॅरेजात, याच जॅकवर बदलले जातात ना? आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, कबूल. पण फिटनेसच्या दिवशी गाडी घट्ट असते. खिळखिळी होते ती मधल्या महिन्यांत.

माझी मागणी छोटी आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांजवळ एकेक पक्का खड्डा बांधा, एक टॉर्क रेंच ठेवा. पावसाळ्याच्या सुटीत आयटीआयची मोटार मेकॅनिकची पोरं बोलवा, दोन दिवसांत गाड्या तपासून होतील. गेटवर एवढा पैसा जमतो, त्यात हा खर्च म्हणजे चिल्लर. आणि त्या मिस्त्रीलाही बोलवा, शिकायला नाही, शिकवायलाही. हात त्याचाच बसलेला आहे.

तोवर ड्रायव्हर भावांनो, एक करा. आवळून झाल्यावर नट आणि पाट्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रोज सकाळी गेटवर लाईनीत उभे असता तेव्हा वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर ती फेरी सोडा. पर्यटक चिडेल, चिडू द्या.

कोणाच्या गावात खड्डा असलेलं गॅरेज असेल तर खाली लिहा, त्या पोराला पाठवायचंय. त्याची गाडी अजून तशीच आहे.