बोलका कुलवृत्तान्त

हल्लीं कुलवृत्तान्त पीडीएफच्या रूपानेंही घरोघरीं पोंचतात. त्यांत आजीच्या तोंडच्या ओव्या, नातवाच्या मुंजीचें चलच्चित्र घालावें, अशी तरुण मंडळींची हौस असते. हौस स्तुत्यच, परंतु त्यांतील एक धोका आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाचा आहे.

ॲडोबी कंपनीनें १९९३ सालीं पीडीएफ काढलें, तें छापील पान कोणत्याही यंत्रावर हुबेहूब दिसावें म्हणून. ध्वनि व चलच्चित्र त्यांत १९९६ सालीं शिरले. ती सोय २०१७ च्या नव्या प्रमाणानें कालबाह्य ठरविली. २००८ सालीं 'फ्लॅश' पोटांत घेण्याची युक्ति निघाली, तर २०२० अखेर कंपनीनें फ्लॅशच मोडीत काढलें. अक्षरें राहिलीं, आवाज गेला! दीर्घकाळ जतन करावयाच्या दप्तरांसाठीं २००५ सालीं ठरलेल्या पीडीएफ-ए या प्रमाणांत ध्वनीस मज्जावच होता. तो आम्हांस उगाच वाटत नाहीं.

तेव्हां ओव्यांचे शब्द पानावर छापावे, आणि आवाज निराळ्या फाइलींत ठेवून तिच्या प्रती दोनतीन भावंडांच्या घरीं द्याव्या. मात्र आजीची ऐंशी उलटली असेल, तर ध्वनिमुद्रणास दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहूं नये.