निबंधातले पर्यावरण आणि दारातली कृष्णा

पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर शिकवला जावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. पुढे राज्यातील शाळांत हा विषय आला. नववी-दहावीसाठी 'जलसुरक्षा'चे पुस्तकही आले. त्यामुळे आजचा चौदा-पंधरा वर्षांचा विद्यार्थी याविषयी अनभिज्ञ आहे, असे म्हणता येणार नाही. ओझोनचा थर, हरितगृह वायू त्याला तोंडपाठ असतात. उपाय विचारला की 'झाडे लावा, प्लास्टिक टाळा' हे उत्तरही तयार असते. पण आपल्या गावच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठते, हे त्याला ठाऊक असते काय?

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांइतकी मोठी पाठशाळा या विषयाला क्वचितच लाभेल. कृष्णेचा उगम महाबळेश्वरचा. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेकडच्या माण-आटपाडीत जेमतेम पाचशेच्या आसपास. २०१९ च्या उन्हाळ्यात माण तालुक्यातील जनावरे चारा छावण्यांत होती. त्याच ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट! एकाच वर्षात दुष्काळ आणि महापूर पाहिलेल्या मुलांना पर्यावरणाची व्याख्या पाठ करायला लावणे, हा शिक्षणाचा उपहासच होय.

स्वीडनमधील पंधरा वर्षांच्या ग्रेटा थुनबर्गने ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेसमोर ठाण मांडले आणि जगभरची मुले रस्त्यावर आली. त्या मुलांचा रोख वडीलधाऱ्यांवर होता, आणि तो येथेही लागू पडतो. वाईच्या घाटांवर कृष्णामाईचा उत्सव भक्तिभावाने होतो. पण पुढे त्याच माईच्या पात्रात काठच्या वस्त्यांचे सांडपाणी मिसळते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ नदीत मृत माशांचा खच पडला. शाळेत स्वच्छतेची शपथ घेऊन घरी परतणाऱ्या मुलाने यातून नेमका कोणता बोध घ्यावा?

उत्तराची दिशा याच मातीत सापडते. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने प्रथम क्रमांक मिळवला. तेथे भाषणांपेक्षा कुदळ-फावडे अधिक बोलले. पाणी अडवायचे तर आधी उतार आणि ओढा ओळखावा लागतो, हे गावाने श्रमातून जाणले.

हीच दृष्टी शाळेत आणता येईल. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पर्जन्यमापक असावा. मुलांनी रोजचा पाऊस नोंदवावा, ठरावीक विहिरींची पातळी दिवाळीनंतर आणि चैत्रात मोजावी, ओढ्यात सांडपाणी कोठे मिसळते ते नकाशावर दाखवावे आणि ही नोंदवही वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे वाचावी. याला मोठा खर्च नाही. हवी ती चिकाटी आणि मुलांचे ऐकून घेण्याची मोठ्यांची तयारी. दहा वर्षांनी गावाजवळ स्वतःच्या पाण्याचा स्वतः लिहिलेला हिशेब असेल.

वृक्षारोपणाच्या छायाचित्रात मुले दरवर्षी पुढच्या रांगेत उभी असतात. गावच्या पाण्याचा निर्णय होताना मात्र त्यांना मागच्या रांगेतही जागा नसते. ती जागा त्यांना मिळवून देणे, हे आज वडीलधाऱ्यांचे पहिले कर्तव्य आहे.