बंदर विकलं कुणी?

चीन युरोप गिळतोय म्हणून ओरडणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: विकलं कुणी?

ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा युरोपातल्याच धनकोंनी त्याला सरकारी मालमत्ता विकायला लावली. २०१६ मध्ये पिरेयस बंदराचे ५१ टक्के शेअर्स चीनच्या सरकारी कॉस्को कंपनीने घेतले. २०२१ मध्ये ते ६७ टक्के झाले. मधेच २०१७ मध्ये चीनमधल्या मानवी हक्कांवरचं युरोपियन युनियनचं निवेदन अडवलं कुणी? ग्रीसनेच! परकीय गुंतवणूक तपासायचा युनियनचा कायदा आला २०१९ मध्ये. बैल गेला नि झोपा केला.

पैशाला रंग नसतो म्हणे. नसेल, पण मालक असतो ना राव! अडलेल्याला घर विकायला लावायचं आणि मग गिऱ्हाईकाच्या नावाने बोटं मोडायची, हा शुद्ध दांभिकपणा आहे.