गडू देवघरात, गटार गंगेत

13 डिसेंबर 2021 रोजी काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले आणि शतकानुशतके अरुंद गल्ल्यांत कोंडलेले विश्वनाथाचे मंदिर पुन्हा एकदा गंगेच्या दृष्टिपथात आले. तेव्हापासून काशीला जाणाऱ्यांचा ओघ कित्येक पटींनी वाढला आहे. महाराष्ट्रातून निघणाऱ्या रेल्वेगाड्यांत आता केवळ वानप्रस्थी मंडळी नसतात. तरुण जोडपी असतात, शाळकरी मुले असतात, परदेशातून सुट्टीवर आलेले आप्तही असतात. आपल्या तीर्थांकडे जाताना मान खाली घालण्याचे दिवस सरले, ही समाधानाचीच गोष्ट आहे.

परंतु समाधानाच्या क्षणीच समाजाने स्वतःला कठोर प्रश्न विचारायचे असतात. आपण काशीला जातो, विश्वनाथाचे दर्शन घेतो, दशाश्वमेधावर संध्याकाळची आरती डोळे भरून पाहतो, तांब्याच्या गडूत गंगाजल भरून घेतो आणि परततो. घरी मावंदे होते, गडू देवघरात जातो. या साऱ्या क्रमात गंगेला आपण काय दिले? पाच रुपयांचा द्रोण, चार फुले आणि एक दिवा? ज्या नदीला आपण माता म्हणतो, तिच्याशी आपले नाते केवळ घेण्याचे उरले असेल, तर आपण यात्रेकरू आहोत की गिऱ्हाईक?

हा प्रश्न विचारला की दोन बाजूंनी ओरड होते. पहिली ओरड स्वनामधन्य पुरोगाम्यांची. गंगेचे गढूळ पाणी दाखवून ते म्हणतात, पाहा, ही तुमची श्रद्धा! यांचे म्हणणे मुळातच उलटे आहे. नदीच्या पाण्यात मिसळणाऱ्या घाणीचा सर्वांत मोठा वाटा शहरांच्या सांडपाण्याचा आहे, भाविकाच्या फुलांचा नव्हे. गंगेला बांध घालून तिचे पाणी कालव्यांत वळवण्याची दृष्टी श्रद्धेतून आली नाही. नदी म्हणजे निव्वळ वाहणारा कच्चा माल, या विचारातून ती आली. तेव्हा गंगेच्या अवस्थेसाठी श्रद्धेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्यांनी आधी आपले शहाणपण तपासावे.

दुसरी ओरड मात्र आपल्याच घरातली आहे आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. ‘गंगा सर्वांची पापे धुते, तिला कोण अपवित्र करणार?’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे भक्तीचे वाक्य नाही, कर्तव्यातून पळण्याची वाट आहे. पावित्र्य आणि स्वच्छता या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी कधीही परस्परविरोधी मानल्या नाहीत. गंगेच्या पुण्यजलाशी आल्यावर चौदा गोष्टी वर्ज्य कराव्यात, असा दंडक आपल्या धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांत आहे. शौच, चूळ भरणे, केस टाकणे, निर्माल्य टाकणे, अंग चोळून मळ काढणे, जलक्रीडा करणे, अंगावरची वस्त्रे टाकणे हे सारे त्या यादीत निषिद्ध आहे. ज्या काळी प्लास्टिक नव्हते, रासायनिक साबण नव्हता, कारखाने नव्हते, त्या काळी हा दंडक सांगितला गेला. आज आपण तीर्थाचे माहात्म्य तेवढे पाठ करतो. त्याबरोबर आलेली आचारसंहिता मात्र सोयीस्करपणे विसरतो.

काशीचे मराठी ऋणानुबंध

मराठी माणसाला तर हे विसरण्याचा अधिकारच नाही. काशीशी आपले नाते दर्शनापुरते कधीच नव्हते. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ हा तीर्थविषयक ग्रंथ रचला. परचक्रामुळे विश्वनाथाचे लिंग जागेवर नसेल, तेव्हा त्या स्थानाचीच पूजा करावी, असा धीर त्यांनी त्या ग्रंथात समाजाला दिला. त्यांचेच पणतू गागाभट्ट 1674 साली रायगडावर आले आणि शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. नाथांच्या भागवताची सांगता झाली तीही काशीतच.

1669 मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वनाथाचे मंदिर पाडले गेले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्या स्थानाशेजारी आजचे मंदिर उभे केले ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी. मणिकर्णिकेचा आणि दशाश्वमेधाचा घाट त्यांनी बांधून काढला. नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट आजही नावानिशी उभे आहेत. या माणसांनी काशीकडून पुण्य मागितले असेल, पण त्याआधी काशीला दगड दिला, चुना दिला, अन्नछत्र दिले. तीर्थयात्रा म्हणजे देणे, हा त्यांचा अर्थ होता.

आणि सामान्य मराठी माणूस? 1857 च्या धामधुमीत वरसईच्या गोडसे भटजींनी मायबापांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर वाहून घरी आणली. रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या नाथांची कथा आपण मुलांना सांगतो. त्या कथेचे मर्म एवढेच की, गंगाजल जीव वाचवण्यासाठी आहे. आज तेच पाणी प्यायला द्यायचे म्हटले, तर आपला हात थरथरेल की नाही, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आता आक्रमक कोण?

मंदिर पाडणाऱ्याचे नाव आपण विसरत नाही आणि विसरूही नये. पण काशीचे वाराणसी हे नाव ज्या वरुणा आणि असी या दोन नद्यांवरून पडले असे परंपरा सांगते, त्यांतील असीला आज काशीतला माणूस काय म्हणतो? ‘अस्सी नाला’! जिच्या नावाने नगरी ओळखली जाते, त्या नदीचा नाला कोणत्या सुलतानाने केला? कोणत्या फर्मानाने केला? तो आपल्या स्वयंपाकघरांनी, आपल्या स्नानगृहांनी, आपल्या नगरपालिकांनी आणि आपल्या मौनाने केला. इतिहासातील आक्रमकाविरुद्ध आवेशाने बोलणे सोपे असते. आरशातल्या आक्रमकाशी लढणे कठीण असते.

सरकारांनी काहीच केले नाही, असे नाही. जून 1986 मध्ये काशीच्याच घाटावरून ‘गंगा कृती योजना’ सुरू झाली. नोव्हेंबर 2008 मध्ये गंगेला राष्ट्रीय नदी घोषित करण्यात आले. 2014 नंतर ‘नमामि गंगे’साठी 20,000 कोटी रुपयांची तरतूद झाली. काशीत दीनापूर येथे दररोज 140 दशलक्ष लिटर, गोइठा येथे 120 आणि रमना येथे 50 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची नवी केंद्रे उभी राहिली. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय देण्यात कद्रूपणा नको.

तथापि 1986 च्या योजनेचा धडा विसरता येणार नाही. सांडपाणी उपसणारे पंप विजेवर चालतात. वीज गेली की पंप थांबतात आणि मैला सरळ नदीत जातो. जी यंत्रणा पाण्यातील गाळ काढते, ती मलजन्य जिवाणू मारतेच असे नाही. स्नानयोग्य पाण्यासाठी 100 मिलिलिटरमध्ये या जिवाणूंचे प्रमाण 500 च्या आत असावे आणि 2,500 च्या वर कदापि जाऊ नये, असा आपल्या देशाचा निकष आहे. उद्घाटनाची फीत कापली गेली म्हणजे निकष पाळला गेला, असे होत नाही. केंद्र उभारणे हा एक दिवसाचा समारंभ, ते चालवणे हे रोजचे व्रत. व्रताची सवय असलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला हवे काय?

श्रद्धा आणि विज्ञान एका देहात

गंगेच्या प्रश्नाला खरे उत्तर कोणी दिले, हेही पाहण्यासारखे आहे. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे प्राध्यापक होते. रोज पहाटे ते गंगेत स्नान करीत आणि तुलसी घाटावरील त्यांच्या प्रयोगशाळेत त्याच गंगेच्या पाण्याची तपासणी होई. 1982 मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले आणि 2013 मध्ये देह ठेवीपर्यंत सरकारी योजनांतील उणिवा आकडेवारीनिशी दाखवल्या. प्रमाणाबाहेर दूषित पाण्यात ते डोळे उघडे ठेवून उतरत. श्रद्धा त्यांना स्नानापासून परावृत्त करू देत नव्हती आणि विज्ञान त्यांना गप्प बसू देत नव्हते.

दुसरे नाव प्राध्यापक जी. डी. अग्रवाल यांचे. कानपूरच्या आयआयटीत अध्यापन केलेले, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. पुढे ते संन्यास घेऊन स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झाले. गंगेचा प्रवाह अविरल राहावा, हिमालयात तिला धरणांनी बांधू नये आणि तिच्या रक्षणासाठी कायदा व्हावा, या मागण्यांसाठी त्यांनी 2018 मध्ये 111 दिवस उपोषण केले आणि 11 ऑक्टोबर रोजी प्राण सोडला. प्रवाहच नसेल तर निर्मलता कुठून येणार, हा त्यांचा प्रश्न होता. 1916 च्या डिसेंबरात हरिद्वारला पंडित मदनमोहन मालवीयांनी इंग्रज सरकारला हाच प्रश्न विचारला होता आणि गंगेच्या अविच्छिन्न धारेचे आश्वासन पदरात पाडून घेतले होते. परक्या सरकारकडून मालवीयांना जे मिळाले, ते स्वकीयांच्या राज्यात एका संन्याशाला प्राण देऊनही मिळू नये, ही बोच प्रत्येक हिंदूच्या मनाला लागली पाहिजे. सत्तेवर कोण आहे, हे पाहून या बोचेची धार बोथट करणे म्हणजे गंगेपेक्षा पक्षाला मोठे मानणे होय.

मावंद्याचा संकल्प

मग करायचे काय? काशीला जाणे थांबवायचे? मुळीच नाही. अधिक संख्येने जावे, मुलाबाळांसह जावे. पण जाताना गिऱ्हाईक म्हणून नव्हे, अहिल्याबाईंचे वारस म्हणून जावे. घाटावर साबण नको, प्लास्टिकची पिशवी नको, अंगावरचे कपडे प्रवाहात सोडणे नको, पाण्यात निर्माल्य नको. पंड्याने, मार्गदर्शकाने किंवा सहप्रवाशाने आग्रह केला, तर नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. ज्या यात्रा कंपनीबरोबर आपण जातो, तिला निघण्यापूर्वीच या अटी सांगाव्यात. शंभर यात्रेकरूंनी एकदा ठरवले, तर व्यवसाय आपोआप बदलतो.

याहून महत्त्वाचे काम परतल्यावर सुरू होते. काशीच्या गंगेसाठी हळहळणाऱ्या मराठी माणसाच्या गावातील नदीचे काय? आळंदीच्या इंद्रायणीवर फेस तरंगतो, पंढरीची चंद्रभागा आणि नाशिकची गोदावरी यांची अवस्था आपण डोळ्यांनी पाहतो. स्नानाच्या वेळी गंगेबरोबर गोदावरीचेही स्मरण करणाऱ्या परंपरेत एक नदी वंद्य आणि दुसरी गटार, असा भेद नाही.

म्हणून प्रत्येक मावंद्याला एक संकल्प जोडावा. पंगत उठण्यापूर्वी जमलेल्या आप्तेष्टांनी एवढेच ठरवावे: आपल्या घरातील सांडपाणी कुठे जाते, आपल्या नगरपालिकेच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता किती, ते प्रत्यक्षात किती तास चालते, वीज गेल्यावर काय होते, हे चार प्रश्न लेखी विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचे. चार घरांनी विचारले, तर अधिकारी दुर्लक्ष करील. चारशे घरांनी विचारले, तर नगरसेवक घरी येईल. चार हजारांनी विचारले, तर पंप चालू राहील.

देवघरातील गडूवर लाखेची मोहोर असते. तो आपण वर्षानुवर्षे जपतो, अंतकाळी फोडतो आणि मुखी दोन थेंब घालतो. त्या दोन थेंबांची किंमत आधी चुकती करावी लागेल. ती फुलांनी चुकती होत नाही, घोषणांनीही होत नाही. ती आचरणानेच चुकती होईल.