वय चोरणारे हात

शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. कोवळ्या वयात दोन वर्षांचे अंतर म्हणजे उंची, छाती आणि दम यांतील केवढी तरी तफावत. चौदाच्या गटात सोळा वर्षांचा मुलगा उतरवला, की निकाल शिट्टी वाजण्यापूर्वीच लागलेला असतो.

एके काळी आपल्याकडे जन्मतारीख गुरुजीच ठरवीत. पोर दुष्काळाच्या साली झाले, एवढेच आईला आठवे. गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातील एका पिढीतील असंख्यांचा कागदोपत्री वाढदिवस म्हणूनच एका दिवशी येतो! त्या नोंदीत अज्ञान होते, लबाडी नव्हती. आज जन्मनोंदणी रुळली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच वयाचा आधार आहे. तरीही वये घटतातच. कारण उघड आहे. पदकामागे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आहेत, पुढे शासकीय नोकरीतील ५ टक्के आरक्षण आहे.

राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात नेमके या दुखण्यावर बोट ठेवले होते. दाखल्यातील तारीख बदलणारे पालक आणि प्रशिक्षक त्या मुलाला फसवणुकीचाच धडा देत नाहीत काय, असा त्यांचा सवाल होता. क्रिकेट मंडळाने मनगटाच्या क्ष-किरण चाचणीचा मार्ग धरला, २०२० मध्ये स्वतःहून कबुली देणाऱ्यांना अभय दिले, लपविणाऱ्यांसाठी दोन वर्षांची बंदी ठेवली. परंतु हाडांची चाचणी वयाचा अंदाज देते, तारीख नव्हे. लवकर वाढ झालेला प्रामाणिक मुलगा तीत नाहक भरडला जाऊ शकतो. शिवाय तालुक्याच्या प्रत्येक स्पर्धेला क्ष-किरण यंत्र आणणार कोठून?

त्यापेक्षा जवळचा पुरावा शाळेतच आहे. पहिलीच्या प्रवेशावेळी जनरल रजिस्टरमध्ये झालेली नोंद प्रमाण मानावी. सातवी-आठवीत अवतरलेला 'दुरुस्त' दाखला स्पर्धेपुरता ग्राह्य धरू नये. दुरुस्ती खरी असेल तर ती सिद्ध करण्याचा भार शाळेने उचलावा.

आणि बंदी केवळ मुलावर का? तेरा-चौदा वर्षांचे पोर नगरपालिकेत जाऊन स्वतःचा दाखला बदलून आणीत नाही. प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची स्वाक्षरी आणि शाळेचा शिक्का असतो, क्रीडाशिक्षक संघ घेऊन जातात. वयचोरी सिद्ध झाल्यास त्या शाळेला त्या खेळात दोन वर्षे प्रवेश नाकारावा, आणि जो मुलगा नियमाने वागून निवडचाचणीत मागे पडला, त्याला पुढील फेरीत त्याची जागा परत द्यावी.