सिगालाच्या सहा दिशा

बौद्ध ग्रंथ म्हटले की निर्वाण, शून्यता असे शब्द डोळ्यांपुढे उभे राहतात आणि पेढीवर बसणारा गृहस्थ पुस्तक मिटून ठेवतो. वस्तुतः पाली वाङ्मयात निव्वळ संसारी माणसासाठी केलेला उपदेशही आहे. दीघनिकायातील एकतिसावे ‘सिगालोवाद सुत्त’ हे त्यांपैकीच. प्रसंग राजगृहाचा, भगवान महावीरांच्या चातुर्मासांमुळे ते नगर आपणांस परके नाही.

सिगाल नावाचा गृहपतिपुत्र पहाटे ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना हात जोडीत होता. मृत पित्याची तशी आज्ञा होती. बुद्धांनी त्याची भक्ती मोडली नाही. दिशांचा अर्थ तेवढा पालटला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण गुरुजन, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर स्नेही, वरची दिशा श्रमण-ब्राह्मण आणि खालची दिशा नोकरचाकर.

याच सुत्तात मिळकतीची वाटणीही आहे: एक भाग उपभोगास, दोन भाग व्यवसायात, चौथा संकटकाळासाठी राखून. दानाचा भाग कोठे, असे आपले वाचक लगेच विचारतील. श्रमणांच्या गरजा पुरविणे हे वरच्या दिशेच्या कर्तव्यांत सांगितले आहे.

व्यापाऱ्याने खरे रेंगाळावे ते खालच्या दिशेपाशी. तेथे धन्याची कर्तव्ये पाच: शक्ती पाहून काम नेमावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुटी द्यावी. वेतन हे पाचांपैकी एका कर्तव्याचे अर्धेच अंग! पगार दिला की हिशेब चुकता झाला, असे मानणाऱ्यास हे सुत्त अस्वस्थ करते. आणि माझ्या मते ते वाचावे ते त्यासाठीच. मनास शांती देणारी पुस्तके पुष्कळ आहेत, पण आपली शांती दुसऱ्याच्या थकव्यावर उभी आहे का, हे विचारणारी थोडी.

ज्यांना मराठीतून आरंभ करावयाचा आहे, त्यांनी गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचे (१८७६-१९४७) ग्रंथ पाहावेत. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावरही त्यांनी मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

चार कर्तव्ये आपल्या बहुतेक दुकानांत थोडीफार पाळली जातात. दिवाळीला मिठाईचा पुडा जातो, दवाखान्याचे बिलही भरले जाते. अडते ते पाचव्यापाशी. लग्नसराईत रात्री दहा वाजता एखादे नवे गिऱ्हाईक पायरी चढते, सकाळी नऊपासून उभा असलेला मुलगा घड्याळाकडे पाहतो आणि नवा तागा उलगडतो. त्या क्षणी गल्ल्यावर बसलेल्याने काय म्हणावे?