विद्यापीठांचे गटांतर : कोणी जावे, कोणी राहावे?

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या नावातच अटलांटिकचा किनारा आहे. स्टॅनफर्ड व बर्कली येथील विद्यापीठे मात्र कॅलिफोर्नियात, पॅसिफिकच्या बाजूला आहेत. तरीही २०२४ पासून ती या कॉन्फरन्सचे सदस्य आहेत. सॅन फ्रान्सिस्को ते बोस्टन हे हवाई अंतर सुमारे ४,३०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते कोलकाता या अंतराच्या अडीचपटीहून अधिक. एवढे अंतर कापून विद्यार्थी सामना खेळतात, परततात आणि पुन्हा वर्गात बसतात.

हे सारे फुटबॉलपायी घडले. हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवर पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन, शिरस्त्राण घालून खेळला जाणारा हा अमेरिकी प्रकार आहे. तेथील विद्यापीठे निरनिराळ्या गटांत विभागलेली असतात आणि गटातील सभासद दरवर्षी एकमेकांशी खेळतात. या गटाला तेथे कॉन्फरन्स म्हणतात. पूर्वी शेजार पाहून गट बनत. १९८४ साली ओक्लाहोमा व जॉर्जिया विद्यापीठांच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची असलेली मक्तेदारी संपली. त्यानंतर गट आपापले सामने विकू लागले. जितके मोठे संघ गटात, तितका मोठा करार, हा हिशेब सर्वांना कळला. २०२२ साली ‘बिग टेन’ने केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. (नाव ‘बिग टेन’, सदस्य मात्र अठरा! नावाशी इमान राखण्याची सक्ती तेथे कोणावरच दिसत नाही.)

या हिशेबाने सर्वात मोठा बळी घेतला तो ‘पॅक-ट्वेल्व्ह’चा. १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या या पश्चिमेकडील गटातून जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बाहेर पडण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२३ पर्यंत बारापैकी दहा सभासदांनी निरोप घेतला होता. ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे उरली.

वाचकहो, सातासमुद्रापलीकडच्या या उलथापालथीशी आपला काय संबंध, असा प्रश्न आपणास पडेल. संबंध आहे, कारण या बाजारात काही कॅथलिक विद्यापीठांनी वेगळी वाट धरली आहे. प्रॉव्हिडन्स या डॉमिनिकन महाविद्यालयाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डेव्ह गॅव्हिट यांच्या पुढाकाराने १९७९ साली ‘बिग ईस्ट’ हा गट स्थापन झाला. जॉर्जटाऊन, सेंट जॉन्स, सीटन हॉल, बोस्टन कॉलेज अशा शहरी कॅथलिक संस्था त्यात होत्या आणि बास्केटबॉल हा त्यांचा प्राण होता. १९९१ मध्ये या गटाने फुटबॉलही अंगीकारला. तेव्हापासून एकाच घरात दोन संसार सुरू झाले. मोठ्या फुटबॉलचे संघ असलेले सभासद अधिक पैशांच्या गटांकडे एकेक करून निघून गेले आणि त्यांच्या जागी कोठून कोठून नवे सभासद आणावे लागले. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये डी पॉल, जॉर्जटाऊन, मार्केट, प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, सीटन हॉल आणि व्हिलानोव्हा या सात कॅथलिक संस्थांनी एकत्रितपणे वेगळे होण्याचा निर्णय जाहीर केला. मोठ्या फुटबॉलचा मोह त्यांनी सोडला. २०१३ साली ‘बिग ईस्ट’ हे नाव घेऊन आणि बटलर, क्रायटन व झेवियर यांना सोबत घेऊन त्यांनी नवा संसार मांडला. यातील सिनसिनाटीचे झेवियर विद्यापीठ म्हणजे ज्यांचे पवित्र शरीर गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे, त्याच संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाची संस्था.

त्या वेळी अनेकांनी या सात संस्थांची कीव केली. पुढे काय झाले? व्हिलानोव्हाने २०१६ व २०१८ मध्ये पुरुषांचे राष्ट्रीय बास्केटबॉल विजेतेपद पटकावले. पोप लिओ चौदावे १९७७ साली याच ऑगस्टिनियन विद्यापीठातून गणित विषयाचे पदवीधर झाले. २०११ मध्ये व्हिलानोव्हा आपला फुटबॉल संघ वरच्या श्रेणीत नेण्याच्या बेतात होते. निर्णय पुढे ढकलला गेला आणि तो योग कधी आलाच नाही. आला असता, तर दोनच वर्षांत फुटलेल्या गटात हे विद्यापीठ रिकाम्या तिजोरीनिशी उभे राहिले असते, असे आम्हास वाटते.

कनेक्टिकटचे उदाहरण अधिक बोलके आहे. हे सरकारी विद्यापीठ फुटबॉलच्या आशेने दुसऱ्या गटात राहिले आणि २०२० साली ‘बिग ईस्ट’मध्ये परतले. त्याचा फुटबॉल संघ तेव्हापासून कोणत्याही गटाविना, स्वतंत्रपणे खेळतो. बास्केटबॉलमध्ये त्याने २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. फुटबॉलचा संसार वेगळा थाटता येतो आणि बाकीचे खेळ जुन्या शेजाऱ्यांत ठेवता येतात, हे यातून सिद्ध झाले. कोणी कोठे जावे, याचा विचार आम्ही याच कसोटीवर करतो.

पहिले नाव बोस्टन कॉलेजचे. १८६३ साली स्थापन झालेली ही येशूसंघीय संस्था २००५ मध्ये ‘बिग ईस्ट’ सोडून अटलांटिक कोस्ट गटात गेली. नोव्हेंबर १९८४ मध्ये मायामीविरुद्ध अखेरच्या क्षणी डग फ्लुटी याने दूरवर फेकलेला चेंडू जेरार्ड फेलन याने झेलला आणि बोस्टनने सामना ४७-४५ असा जिंकला. अशा फेकीला अमेरिकेत ‘नमो मरिया’च्या प्रार्थनेचे नाव आहे, कारण ती पोहोचली तर कृपेनेच पोहोचते! त्या वैभवाची आठवण बोस्टनकरांना आजही खुणावते. परंतु आज या महाविद्यालयाच्या सामन्यांचे मैदान फ्लोरिडा, टेक्सस आणि कॅलिफोर्निया येथवर पसरले आहे. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खेळतो, त्याला ते परवडते. व्हॉलीबॉलच्या किंवा सॉकरच्या मुलींना मात्र तीन तासांच्या वेळेचा फरक सोसून परतावे लागते आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसावे लागते. दूरचित्रवाणीचा करार त्यांच्यासाठी झालेला नव्हता. याउलट प्रॉव्हिडन्स व कनेक्टिकट बसने गाठता येतात.

आमच्या मते बोस्टन कॉलेजने फुटबॉल स्वतंत्र करावा आणि बाकीचे खेळ ‘बिग ईस्ट’मध्ये परत आणावेत. यात मोठा तोटा आहे, हे आम्ही नाकारत नाही. आजचे प्रक्षेपणाचे उत्पन्न जाईल आणि त्यावर पोसल्या जाणाऱ्या एखाद्या लहान खेळावर गदाही येईल. पण दुसरी बाजूही पाहावी. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा आहे. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. बड्या सरकारी विद्यापीठांशी या शर्यतीत बोस्टन कॉलेज किती काळ धावणार?

नोत्र दाम विद्यापीठाची गोष्ट वेगळी. होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली इंडियाना राज्यात स्थापन केलेल्या या विद्यापीठाला १९२०च्या दशकात आजच्या ‘बिग टेन’ने दारात उभे केले नाही. त्यामागे कॅथलिकविरोधाचाही वाटा होता. त्याच दशकात, १९२४ साली, साऊथ बेंड गावात कू क्लक्स क्लॅनचे लोक आणि या विद्यापीठाचे विद्यार्थी यांच्यात चकमक झाली होती. गट नसल्यामुळे नूट रॉकनी यांचा संघ देशभर फिरून खेळला आणि स्थलांतरित कॅथलिक कामगारांनी त्याला आपले मानले. पुढे १९९९ मध्ये त्याच ‘बिग टेन’चे निमंत्रण नोत्र दामने नाकारले. १९९१ पासून एनबीसी वाहिनीशी त्याचा स्वतंत्र करार आहे आणि तो २०२९ पर्यंत वाढवलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल मारून मिळालेले सुमारे २ कोटी डॉलर त्याला कोणाशी वाटून घ्यावे लागले नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये दहा विजय व दोन पराभव अशी कामगिरी असूनही त्याला बारा संघांच्या बादफेरीत स्थान मिळाले नाही, तेव्हा ‘आता तरी गटात या’ असा गलका पुन्हा झाला.

आम्ही म्हणू, फुटबॉलपुरते त्याने कोठेही जाऊ नये. १९२७ पासून नौदल अकादमीशी त्याचा जवळजवळ दरवर्षी सामना होतो (अपवाद २०२०चा). दुसऱ्या महायुद्धात विद्यापीठ ओस पडू लागले असता नौदलाने तेथे प्रशिक्षण केंद्र चालवून ते सावरले, त्या उपकाराची ही जाण आहे. गटाच्या वेळापत्रकात असल्या नात्यांना जागा उरत नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी १९२६ पासून चालत आलेली त्याची लढत ते विद्यापीठ ‘बिग टेन’मध्ये गेल्यावर २०२५ नंतर खंडित झाली, हे ताजे उदाहरण. मात्र नोत्र दामचे इतर बहुतेक खेळ २०१३ पासून अटलांटिक कोस्ट गटात आहेत. ते ‘बिग ईस्ट’मध्ये परतले, तर शिकागोचे डी पॉल सुमारे दीडशे किलोमीटरवर सापडेल.

वॉशिंग्टन राज्यातील गोन्झागा या येशूसंघीय विद्यापीठाने मात्र उलट दिशा धरली. वेस्ट कोस्ट गटातील कॅथलिक भगिनी संस्थांना सोडून पुनरुज्जीवित ‘पॅक-ट्वेल्व्ह’मध्ये जाण्याचे त्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवले आणि प्रवेशासाठी १ जुलै २०२६ ही तारीख नक्की झाली. त्याच्याकडे फुटबॉल संघच नाही. २०१७ व २०२१ असे बास्केटबॉलचे दोन अंतिम सामने हरल्यावर अधिक तगडे प्रतिस्पर्धी हवेत, ही त्याची निकड समजण्यासारखी आहे. शिवाय नव्या गटातील वॉशिंग्टन स्टेट त्याचे शेजारीच आहे. मागे राहिलेल्या लहान संस्थांसाठी आम्हास वाईट वाटते, पण या निर्णयाला दोष देववत नाही.

बोस्टन कॉलेजपुढे मात्र वेळ आहे. मार्च २०२५च्या समझोत्यानुसार अटलांटिक कोस्ट गट सोडण्याचा दंड २०२६ मधील १६ कोटी ५० लाख डॉलरवरून दरवर्षी घटत २०३०-३१ मध्ये ७ कोटी ५० लाखांवर येतो. ‘बिग टेन’चा करारही त्याच सुमारास संपेल आणि मोठी विद्यापीठे पुन्हा एकदा घरे बदलू लागतील. बोस्टन कॉलेजच्या विश्वस्तांनी आपला निर्णय त्यापूर्वी करावा. तो करताना प्रॉव्हिडन्सच्या लोकांना बोलावून घ्यावे आणि व्हॉलीबॉलच्या मुलींनाही त्या बैठकीत बसू द्यावे.